फायर पंप बंद, कन्व्हेयन्स नाही, आणि नोटीस मात्र सोसायटीला

ठाणे जिल्ह्यातल्या एका बारा मजली इमारतीच्या सोसायटीचे सचिव लिहितात : ताबा २०१९ मध्ये मिळाला, बिल्डरने कन्व्हेयन्स (जमीन आणि इमारतीची मालकी सोसायटीच्या नावे करणारा दस्त) अजून दिलेलं नाही, फायर पंप पहिल्यापासून धड चाललेला नाही. अग्निशमन विभागाच्या दोन नोटिसा आल्या; काम बिल्डरचं म्हणून उत्तर दिलं नाही. तिसऱ्या नोटिशीत वीज-पाणी तोडण्याचा इशारा आहे. कोर्टाच्या आदेशाशिवाय त्यांना हे करता येतं का?

येतं. गेल्या वर्षभरात असं विचारणारे तुम्ही पहिले नाही, आणि प्रत्येक पत्रात बिल्डरवरचा राग सारखाच असतो. तो रास्त आहे. पण महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ मधलं कलम ३ वाचा. आगीपासून संरक्षणाची यंत्रणा बसवणं आणि ती सदैव चालू स्थितीत ठेवणं ही जबाबदारी तिथे विकासकाबरोबर मालक आणि भोगवटादारावरही टाकली आहे. इमारतीत राहता तुम्ही. कन्व्हेयन्स झालं की नाही, हे अग्निशमन अधिकाऱ्याने बघण्याचं कारणच नाही. दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीकडून फॉर्म बी, म्हणजे यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, घेऊन अग्निशमन विभागाला द्यायचा असतो. तुमच्या पत्रात त्याचा उल्लेखही नाही, म्हणजे तो कधी दिलाच नसावा. सगळं प्रकरण इथेच अडलं आहे.

आता नोटिशीवर कलम कोणतं लिहिलंय ते बघा. कलम ६ असेल, म्हणजे त्रुटी दूर करायला सांगितलं असेल, तर तिच्यात दिलेली मुदत तुमच्या हातात आहे. कलम ८ असेल, म्हणजे इमारत जीविताला तातडीने धोकादायक ठरवली असेल, तर जागा रिकामी करण्याचा लेखी आदेश निघू शकतो. तो पाळला नाही, तर वीज आणि पाणी तोडायला सांगण्याचा आणि पोलिसांकरवी रहिवाशांना बाहेर काढण्याचा अधिकार कायद्यानेच दिला आहे. कलम ३६ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि दंडही आहे.

हे अधिकार नवे नाहीत. ७४ व्या घटनादुरुस्तीने अग्निशमन सेवा बाराव्या अनुसूचीत आली, आणि हा कायदा डिसेंबर २००८ पासून लागू आहे. २९ डिसेंबर २०१७ ला कमला मिल्सच्या आगीत १४ माणसं गेली, तेव्हाही तो लागू होता. हे अधिकार वेळेवर वापरले जात नाहीत, ही माझी जुनी तक्रार आहे. तुमच्या शहरात कुणी ते वापरत असेल, तर त्याच्याशी भांडायला मी तुम्हाला मदत करणार नाही.

बिल्डरचं काय? रेरा, म्हणजे घरखरेदीदारांसाठीच्या स्थावर संपदा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताब्यापासून पाच वर्षांत दोष लक्षात आणून दिला, तर तो त्याने तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. तुमची पाच वर्षं २०२४ मध्येच संपली. त्या काळात बिल्डरला पाठवलेलं एखादं तारखेचं पत्र, निदान ईमेल, सापडला तर महारेराकडे (या कायद्याखालच्या राज्य प्राधिकरणाकडे) जाण्यात अर्थ आहे. ग्राहक आयोगाचा मार्ग कदाचित उरला असेल. कागद पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. निकालाला किती वर्षं लागतील, याचा भरवसा कोणताच वकील देऊ शकणार नाही. तोवर पंप बंद ठेवता येणार नाही.

म्हणून या आठवड्यात परवानाधारक एजन्सी बोलवा, पंप, हायड्रंट आणि गच्चीवरची टाकी तपासून लेखी अंदाजपत्रक घ्या. विशेष सर्वसाधारण सभा बोलवून खर्च मंजूर करा, आणि वसुलीचा हक्क राखून ठेवत असल्याचं बिल्डरला रजिस्टर्ड पोस्टाने कळवा. मग एजन्सीची वर्क ऑर्डर जोडून अग्निशमन कार्यालयात उत्तर द्या, कामाच्या तारखा लिहून मुदतवाढ मागा, आणि आवक शिक्क्याची प्रत स्वतःकडे ठेवा. दोन्ही जुन्या नोटिसाही त्याच फाईलला लावा.