भत्ता मिळेल, पण राजीनाम्यावर काय लिहिलंय?

(सोलापूरच्या विडी घरकुलमधून एका आईचं पत्र: मुलगा टेक्स्टाइल डिप्लोमा, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात अडीच वर्षं सुपरवायझर, पगार १४,६००. रात्रपाळी बंद झाली आणि त्याला घरी बसवलं. बेकारभत्ता मिळेल का? लंडनचा भाचा म्हणतो, कामाला तयार असल्याचं दाखवावं लागतं.)

ताई, भाचा तिकडचं बरोबर सांगतो. तिथे काम शोधत असल्याचं वेळोवेळी दाखवावं लागतं. आपल्याकडे तशी हजेरी नाही. इथे घोडं अडतं ते नोकरी कशी गेली आणि विम्याची वर्गणी किती दिवस भरली, यावर.

पगारातून ईएसआय (कामगार राज्य विमा) कापला जात होता ना? मग 'अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना' बघा. अर्जदार किमान दोन वर्षं विमाधारक हवा. वर्गणीचे कालावधी सहा महिन्यांचे: एप्रिल ते सप्टेंबर, ऑक्टोबर ते मार्च. नोकरी जाण्याच्या लगेच आधीच्या कालावधीत ७८ दिवस, आणि त्याआधीच्या तिनांपैकी निदान एकात ७८ दिवस वर्गणी लागते.

महिन्याला तेरा दिवस म्हणजे फार नाही. तरी दावे इथेच अडकतात, कारण काही मालक किंवा ठेकेदार पगार २६ दिवसांचा देतात आणि वर्गणी भरताना दिवस कमी दाखवतात. म्हणून आधी मुलाच्या विमा क्रमांकाने ईएसआयच्या पोर्टलवर लॉगिन करून महिनावार दिवस पगारपत्रकाशी ताडून बघा.

रक्कम अशी: चार कालावधींचा एकूण पगार भागिले ७३० (दोन वर्षांचे दिवस), त्याच्या निम्मे. तुमच्या मुलाचे २४ महिन्यांचे ३,५०,४०० भागिले ७३० म्हणजे ४८०. निम्मे २४० रुपये रोज. जास्तीत जास्त ९० दिवस, म्हणजे २१,६००, आणि तेही आयुष्यात एकदाच. नोकरी गेल्यावर ३० दिवसांनी दावा करता येतो. पोर्टलवर अर्ज भरा, प्रिंट काढा, आधार आणि पासबुकाच्या प्रतीसह शाखा कार्यालयात द्या. पासबुकावरचं नाव आधारशी जुळतं का, तेवढं बघून घ्या. योजनेला वेळोवेळी मुदतवाढ मिळते. सध्याची मुदत तिथेच विचारा.

आता राजीनामा. गैरवर्तनाची शिक्षा, निवृत्ती, स्वेच्छानिवृत्ती, स्वतःहून नोकरी सोडणं, बेकायदेशीर ठरलेला संप किंवा मालकाने केलेली टाळेबंदी असेल तर भत्ता नाही. हिशेब देताना 'वैयक्तिक कारणास्तव नोकरी सोडत आहे' अशा छापील कागदावर सही मागतात. सही झाली नसेल तर करू नका. 'काम नसल्याने कमी केले' असं लेखी मागा.

या काळात मुलगा मामाच्या दुकानात पगारावर बसला तर रुजू झाल्या दिवसापासून भत्ता थांबतो. ते लपवू नका. खोट्या माहितीबद्दल शिक्षा झाली तर पात्रताच जाते.