शाळा चालू असताना दहा-बारा दिवस बाहेरगावी जायचंय, पाचवीतल्या मुलीच्या अभ्यासाचं काय करू?

तुमची अडचण मला समजली ती अशी: डिसेंबरच्या सुरुवातीला वरंगलला घरचं लग्न, तिथूनच तिरुपती करून यायचं, मुलगी सोलापुरात मराठी माध्यमात पाचवीला, आणि रजा म्हटल्यावर बाईंच्या कपाळाला आठ्या. जाऊ नका असं मी म्हणणार नाही. माझी सगळी नोकरी सोलापूरच्या पूर्व भागात, तेलुगू बोलणाऱ्यांच्या वस्तीतल्या शाळेत गेली. तेलंगणातलं लग्न निघालं की वर्गातली चार पोरं आठवडाभर दिसत नाहीत, हे आमच्याकडे कुणाला नवीन नाही. शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० कामाचे दिवस ठरवलेत. त्यातले दहा गेले म्हणून पोर वाया जात नाही. पण त्या दहा दिवसांत नेमकं काय बुडालं यावर बरंच अवलंबून असतं.

म्हणून बाईंना "सगळा अभ्यास लिहून द्या" म्हणू नका. चाळीस पोरांच्या वर्गात तेवढा वेळ कुणाला आहे? एवढंच विचारा, "गणितात या दिवसांत कुठला घटक होणार आहे, आणि तो चुकला तर पुढे कशात अडेल?" टाचणात, म्हणजे कधी काय शिकवायचं याच्या बाईंच्या नोंदींत, ते लिहिलेलं असतं, दोन मिनिटांत उत्तर मिळतं. सोबत घटक चाचणीच्या तारखा विचारून घ्या आणि मुख्याध्यापकांच्या नावे रजेचा लेखी अर्ज द्या. निघायच्या आदल्या दिवशी नव्हे, आठवडाभर आधी. बहुतेक आठ्या तिथेच उतरतात.

गणितच का, ते सांगते. परिसर अभ्यासाचा एखादा पाठ बुडला तर मूल तो नंतर वाचून काढतं. भाषेचं तर काहीच बिघडत नाही, उलट लग्नघरी चार माणसांत वावरून तिची तेलुगू सुधारेल. गणितात मात्र एकावर एक चढत जातं. समजा, नेमके अपूर्णांक चालू आहेत. सममूल्य अपूर्णांक झाले त्या दिवसांत मुलगी नव्हती, परत आली तर फळ्यावर भिन्नछेद अपूर्णांकांची बेरीज. ती १/२ + १/३ = २/५ लिहिणार. अंशात अंश, छेदात छेद, तिच्या परीनं सरळ हिशोब! "असं नाही, तसं" म्हणून हे सुटत नाही. चौकटीच्या वहीवर सहा चौकटींची पट्टी आखा. तिचा अर्धा भाग रंगवायला सांगा, तीन चौकटी होतात. मग पट्टीचा एक तृतीयांश भाग दुसऱ्या रंगानं, दोन चौकटी. एकूण रंगल्या सहापैकी पाच, म्हणजे ५/६. मग विचारा, "२/५ म्हणजे अर्ध्याहून कमी की जास्त? अर्ध्यात आणखी काही मिळवल्यावर उत्तर अर्ध्याहून कमी कसं येईल?" एवढं गाडीतल्या बर्थवर बसूनही होतं, आणि एका बैठकीत वीस उदाहरणं सोडवण्यापेक्षा कामाचं ठरतं.

तेव्हा सोबत न्यायचं काय, तर गणिताचं पुस्तक, चौकटीची एक वही, एक गोष्टीचं पुस्तक. बाकी दप्तर घरी राहू द्या. बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, त्या मोबाईलमध्ये उतरवून ठेवा. पुस्तकांतले क्यूआर कोड दीक्षा ॲपवर चालतात. तिथले व्हिडिओ निघण्याआधीच घरच्या वायफायवर घ्या, गाडीत रेंजचा भरवसा नसतो. अभ्यास सकाळी, नाश्त्याच्या आधी, अर्धा तास. रात्री दमलेल्या पोराला पुस्तक घेऊन बसवलं की दोघंही चिडता. आणि हळद, लग्न, दर्शनाची रांग या दिवशी पुस्तकाचं नावही काढू नका.

"प्रवास हीच शाळा" असं सांगणारे पुष्कळ भेटतील. पोर प्रवासात खूप काही बघतं हे मलाही मान्य आहे, पण भागाकार रोज केल्याशिवाय येत नाही.

परत आल्यावर पालक हमखास एक करतात: व्हॉट्सॲप ग्रुपवर वह्यांचे फोटो मागवायचे आणि पोराला दोन रविवार बसवून सगळं उतरवून घ्यायचं. वही भरते, डोक्यात काही जात नाही. वही तपासणीचा धाक असतो हे मला माहीत आहे, मीही तपासल्यात. बाईंना विचारून परिसर अभ्यासाच्या नोंदींच्या झेरॉक्स चिकटवा आणि वाचलेला वेळ गणिताला द्या. पाचवीला हे जास्तच महत्त्वाचं. महाराष्ट्रात २०२३ च्या नियमबदलानंतर पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. त्यात नापास झालं तर फेरपरीक्षा, आणि तीही गेली तर त्याच वर्गात.

आणखी एक, हे मी ऊसतोडीच्या पोरांवरून सांगते. आईबापांबरोबर हंगामात बाहेर जाणाऱ्या मुलांना शाळा शिक्षण हमी पत्रक देते. पोर कितवीत आहे, त्याला काय येतं, हे त्यावर असतं, म्हणजे जिथे जाईल तिथल्या शिक्षकाला शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही. त्या मुलांचे चार-पाच महिने जातात, तुमचे दहा दिवस, तरी कल्पना उचलण्यासारखी आहे. निघताना आणि आल्यावर अर्धं पान लिहा: काय येतं, काय अडतं. ते बाईंना दाखवा. "हिचं बुडलंय, जरा बघा" यापेक्षा "हिला सममूल्य अपूर्णांक जमतात, बेरजेत अडते" म्हटलं की बाईंना नेमकं कुठे हात घालायचा ते कळतं, आणि मधल्या सुट्टीतल्या पाच मिनिटांतही काम होतं.

राहिलेलं जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या अक्षता सोहळ्याच्या आत संपवा. एकदा गड्डा, म्हणजे यात्रेची जत्रा, भरला की सोलापुरातलं कुठलंच पोर होम मैदान सोडून वहीकडे बघत नाही. आणि घरात दहावीचं कुणी असेल तर त्याला या बेतातून वगळाच, तिथे बोर्डाला ७५ टक्के हजेरी लागते.