"मॅडम, काम सरतच नाही"

यवतमाळ जिल्ह्यातल्या गावांत बचत गटाची मीटिंग संपली की दोन-चार बायका मागे थांबतात, आणि त्यातली एक तरी हेच विचारते, घरचं काम सरत का नाही, मीच आळशी झाली का. त्यातल्या एकीचं सांगते, नाव राहू द्या.

वय 34, दोन पोरं, गुडघ्यांनी बसलेली सासू, पाच एकर कापूस-तूर. पहाटे साडेचारला उठून सडा, भांडी, डबे, गोठा, मग दिवसभर वेचणी आणि घरी आलं की परत चूल. "काल पोराले मारलं मॅडम, डबा सांडला म्हून," एवढं बोलली अन् रडायलाच लागली.

आधी तिला आरोग्य केंद्रात रक्त तपासायला पाठवलं. हिमोग्लोबिन 8.4 निघालं, बाईचं 12 तरी पाहिजे. म्हणजे ज्याला ती आळस म्हणत होती तो आळस नव्हताच! गोळ्या सुरू झाल्या.

मग माझं चुकलं, मी टाइमटेबल करून दिलं. आठ दिवसही टिकलं नाही, कारण नळ दोन दिवसाआड, तोही कधी सकाळी कधी दुपारी, शेतातली विजेची लाइन कधी दिवसा तर कधी रात्री, नवरा रात्री दोनला ओलीत करायला निघाला की हिचीही झोप मोडते. अशा घरात घड्याळ काय कामाचं.

नवऱ्याला बोलावलं. "हिनं सांगत जावं नं, मी काय नाही म्हणतो का," अगदी मनापासून बोलत होता तो. मी विचारलं, ड्रममध्ये आत्ता किती पाणी आहे? त्याने बायकोकडे पाहिलं. ती खाली मान घालूनच म्हणाली, "निळा अर्धा, काळा भरून हाये." तिखट कधी संपणार, सिलिंडर कधी लावला, पोराची फी कधी, सगळं तिच्याच डोक्यात. 2019 च्या सरकारी पाहणीत स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला 299 मिनिटं जात होती अन् असं काम करणाऱ्या पुरुषांची 97, पण हे ध्यानात ठेवणं कोणत्या मिनिटात धरायचं?

म्हणून ठरवलं, पाणी पूर्ण त्याचं, आठवण ठेवायची तीही त्यानेच. अन् तो विसरला तर हिने मध्ये पडायचं नाही, खरं अवघड हेच होतं. दुसऱ्याच आठवड्यात ड्रम कोरडा पडला, ही ओट्यावर हात बांधून बसून राहिली, शेवटी तो मोटरसायकलला दोन कॅन बांधून शेजारच्या विहिरीवरून पाणी घेऊन आला. सासूबाई भडकल्या, "माणसाले पानी भराले लावते." त्यांच्याशी बोलायला मी दोनदा गेले, आता त्या बसल्या जागी लसूण सोलतात, डाळ निवडतात. रोजचा सडा बंद, सणावारालाच.

यंदा वेचणीच्या दिवसांत परत भेटली. पोळ्या अजून तीच लाटते, गोठाही तिच्याकडेच. मी सहज विचारलं, नळ आला का गं आज?

"ते मले नका विचारू मॅडम, पान्याचं त्याइच्याकडे हाये."