हनुवटीवरचे केस आणि रक्तातली साखर

प्रश्न : आई ५८ वर्षांची आहे. पाळी जाऊन आठ वर्षं झाली. हनुवटीवर राठ केस येतात, ते ती दार लावून उपटते. आता साखरही निघाली. दोन्हींचा संबंध असेल का? (गंगाखेड)

असू शकतो. पॅरिसच्या अशार आणि थिएर या डॉक्टरांनी १९२१ मध्ये ‘दाढीवाल्या बायकांचा मधुमेह’ नोंदवला. पाळी गेलेल्या बाईला मधुमेह आणि पुरुषासारखे केस, या दुर्मीळ जोडीला आज अशार-थिएर सिंड्रोम म्हणतात. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की स्वादुपिंड ते आणखी सोडतं. हे जादा इन्सुलिन अंडाशयाला टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन बनवायला लावतं. शिवाय टेस्टोस्टेरॉन बांधून ठेवणारं प्रथिन यकृतात कमी तयार होतं. मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढलं की मऊ लव राठ होते. आईच्या मानेवर, काखेत मखमलीसारखी काळी कातडी आहे का बघा. तो मळ नव्हे, घासू नका. ती बहुधा जादा इन्सुलिनची खूण असते.

‘दार लावून’ हे शब्द मला फार लागले. बाई साखर दाखवायला येते, केसांचं बोलत नाही आणि आम्ही डॉक्टरही विचारत नाही. तपासणीआधी काही दिवस केस उपटू देऊ नका. आम्हाला ते दिसले पाहिजेत.

प्रश्न : मी ऊसतोडीला जाते. पस्तिशीत पिशवी काढली. मग माझ्या दाढीच्या केसांचा अंडाशयाशी काय संबंध? (केज)

ताई, पिशवी म्हणजे गर्भाशय. अंडाशय वेगळे. ते ठेवले असतील तर हार्मोन्स बनवतच राहतात. ऑपरेशनचा कागद शोधा आणि डॉक्टरांना दाखवा. बीडकडची बाई आली की मी हे आधी विचारते, कारण तिकडे कमी वयात पिशवी काढलेल्या खूपजणी आहेत आणि नेमकं काय काढलं हे बऱ्याचजणींना कुणी सांगितलेलंच नसतं.

प्रश्न : चार महिन्यांतच दाढी आली, आवाज घोगरा झाला. दिवाळीनंतर दाखवलं तर चालेल? (हिंगोली)

नाही, याच आठवड्यात जा. इतक्या झपाट्याने बदल होतो तेव्हा अंडाशयात किंवा मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथीत गाठ नाही ना, हे पाहावंच लागतं. रक्तातलं टेस्टोस्टेरॉन, डीएचईएएस (ॲड्रिनलमधलं हार्मोन) आणि गरजेप्रमाणे स्कॅन. नांदेडच्या सरकारी मेडिकल कॉलेजातही दाखवता येईल.

प्रश्न : मेटफॉर्मिनने केस जातील का? थ्रेडिंगने वाढतात म्हणे. (लातूर)

मेटफॉर्मिन साखरेसाठी, केसांवर त्याचा फारसा उपयोग नाही. त्यासाठी स्पायरोनोलॅक्टोनसारखी गोळी डॉक्टर देतात, पण फरक दिसायला सहा महिने लागतात, पोटॅशियम तपासावं लागतं आणि गरोदरपणात ती चालत नाही. थ्रेडिंगने केस वाढत नाहीत. खुशाल करा.