दहाच्या नाण्यातले सिंह तिरके आहेत. ही टाकसाळीची चूक की नाणं खराब झालंय?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की अमळनेरच्या बाजारात सुट्ट्या पैशांत दहाचं नाणं आलं, कडेचं 'भारत' सरळ आहे पण मधले सिंह तिरके, आणि यूट्यूबवर असल्या नाण्याचे लाखो रुपये सांगतात. थोडं वाईट वाटेल, पण हे नाणं टाकसाळीत चुकलेलं नाही. कुणीतरी मधली चकती ठोकून काढली आणि परत बसवताना ती फिरली.

नाणं हातात न घेता मी हे सांगतोय, कारण दहाचं नाणं बनतंच तसं. पिवळी कडी आणि पांढरी चकती हे दोन वेगळे तुकडे, पण ठसा दोघांवर मिळून एकदाच पडतो. एकच साचा एका दणक्यात कडीवरही उमटतो आणि चकतीवरही, आणि त्याच दाबाने चकती कडीत घट्ट बसते. म्हणजे छापण्याआधी कोरी चकती कशीही फिरलेली असली तरी 'भारत' आणि सिंह एकमेकांना धरूनच येणार. चकती एका बाजूला सरकलेली असेल तर मात्र चूक खरी असू शकते. तेव्हाही नक्षी जोडावरून न तुटता पलीकडे गेलेली दिसते. तुमच्या नाण्याच्या जोडावर भिंग धरा, स्क्रू-ड्रायव्हरचे ओरखडे किंवा दबलेली कड सापडायची शक्यता बरीच आहे.

साचा फिरल्याची खरी चूक वेगळी दिसते. नाणं वरून-खालून दोन बोटांत धरा आणि दारासारखं बाजूने फिरवा. आपल्या नाण्यांची मागची बाजूही सरळच यायला हवी. ती सगळीच्या सगळी आडवी किंवा उलटी आली, तर वरचा आणि खालचा साचा एकमेकांच्या रेषेत नव्हता. अशी नाणी जपून ठेवा. जरासा तिरपेपणा मात्र पुष्कळ नाण्यांत असतो, त्याला कुणी विचारत नाही.

जळगावात मला लोक आणून दाखवतात त्या नाण्यांत मी आधी एकच बघतो: खूण वर आलेली आहे की आत गेलेली? साच्याला तडा गेला तर दाबाखाली धातू त्या तड्यात शिरतो, म्हणून नाण्यावर उंच रेघ उठते. ओरखडा खोल असतो, आणि त्याच्या काठाला बाजूला सरलेला धातू लागतो. नखालाही कळतं. अक्षर गायब असेल तर शेजारची अक्षरं बघा. साच्याच्या खाचेत तेल-मळ बसला असेल तर तेवढंच अक्षर पुसट आणि शेजारी सगळं टोकदार. झिजलेल्या नाण्यात मात्र उंच भाग आधी सपाट होतात आणि आजूबाजूचंही पुसट होत जातं.

कडेचा तुकडा गेलेलं नाणं सगळ्यात फसवं. पत्र्यातून चकत्या कापताना कापणी आधीच्या भोकावर चढली, तर चकती चंद्रकोरीसारखी खाल्लेली निघते आणि मग छापली जाते. त्या जागेजवळ अक्षरं हळूहळू विरत जातात, आणि बरोब्बर समोरच्या बाजूची कड बहुतेक वेळा कमजोर उठलेली असते. कानशीने कापलेल्या नाण्यात अक्षर मधूनच तुटतं, आणि समोरची कड ठणठणीत. घरी काम करणाऱ्याला ही समोरची कड सुचत नाही.

चपटं, पसरट नाणं घेऊन येणारेही असतात. भुसावळकडे पोरं रुळावर नाणी ठेवतात, हे आपल्याला सांगायला नको. गाडीखाली गेलेल्या नाण्याच्या दोन्ही बाजू पुसल्या जातात. छापताना नाणं पसरू नये म्हणून टाकसाळीत भोवती कडं असतं; ते न लागता पसरलेल्या नाण्यात मधली नक्षी ठळक राहते. एका बाजूला उलटे, आत दबलेले सिंह दिसले तर आधीचं नाणं साच्याला चिकटून राहिल्याची चूक असू शकते. पण त्या उलट्या छापाखाली नाण्याची मूळ नक्षीही दिसत असेल, तर कुणीतरी दोन नाणी शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरून आवळली.

रंगावर जाऊ नका. बोअरचं पाणी, चूल, चिंच, ॲसिड यांनी पाचचं पिवळं नाणं तांबूस होतं, काळंही पडतं. वर्षाखालचा ठिपका तर चूक नव्हेच, ती नोएडा टाकसाळीची खूण. मुंबईची पत्त्यातल्यासारखी चौकट, हैदराबादची चांदणी, आणि कोलकात्याला खूणच नसते. दहाच्या नाण्याची वेगवेगळी नक्षी हीसुद्धा चूक नाही. २०१८ साली रिझर्व्ह बँकेनेच सांगितलं होतं की तोवर आलेल्या १४ नक्ष्या सगळ्या चालतात. आपल्याकडे काही दुकानदार तरीही नाक मुरडतात, त्याला इलाज नाही.

शंका राहिलीच तर ओळखीच्या सराफाच्या काट्यावर नाणं ठेवा. दहाचं नाणं साधारण ७.७ ग्रॅम वजनाचं आणि २७ मिलिमीटर रुंद असतं. थोडी घट झिजेची असते, पण बराच फरक पडला तर कारण शोधावं लागतं.

पैशांचं म्हणाल तर बारीक तडा किंवा बुजलेलं अक्षर याला हौशी माणूस थोडे जास्त देईल, तेवढंच. लाखांचं आमिष दाखवून आधी 'नोंदणी फी' किंवा 'कर' मागणाऱ्याचा फोन ठेवून द्या. रिझर्व्ह बँकेच्या नावाने हे उद्योग चालतात, आणि बँकेने २०२१ मध्ये त्याबद्दल उघड इशाराही दिला होता.

घरात आणखी नाणी बाजूला काढली असतील तर ती घासू-पुसू नका. दोन्ही बाजूंचे आणि कडेचा असे फोटो उजेडात काढून खाली टाका, सोबत वजन लिहा. जमेल तसं बघून सांगतो.