ताईने किडनी दिली, मग मला आनंद का होत नाही?

‘मावशी, सव्वा वर्षापूर्वी ताईने मला किडनी दिली. डायलिसिस सुटलं, किडनी कशी चालते ते दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन १.२ आहे, डॉक्टर खूश आहेत. मला मात्र आरशात बघवत नाही. चेहरा गोल झालाय, सही करताना हात थरथरतो, रिपोर्टच्या आदल्या रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. ताई रोज फोन करून विचारते, “गोळ्या घेतल्यास का?” आणि मी तिच्यावर खेकसते. गेल्या महिन्यात दोनदा स्टिरॉइडची गोळी मुद्दाम टाळली. मी कृतघ्न आहे का?’
— एक वाचक, वय ३१

पोरी, आधी गोळीचं बोलू, बाकी सगळं त्यानंतर. हे वाचून झालं की ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरला फोन कर आणि गोळ्या टाळल्याचं सांगून टाक. रागावले तर ऐकून घे. किडनी सख्ख्या बहिणीची असली तरी तुझ्या शरीराच्या लेखी ती परकीच. शरीराने तिला नाकारू नये म्हणूनच तर या गोळ्या, आणि ते नाकारू लागलं की दुखतंच किंवा ताप येतोच असं नाही. बऱ्याचदा ते पहिल्यांदा रक्ताच्या रिपोर्टमध्येच कळतं. शिवाय स्टिरॉइड मनाने बंद करणं एरवीही धोक्याचं.

पण तू ती का टाळलीस, तेही सांग. गोल चेहरा स्टिरॉइडमुळे, हाताची थरथर बहुधा टॅक्रोलिमस या त्याच कामाच्या दुसऱ्या औषधामुळे. चिडचिड आणि उडालेली झोप यांतही स्टिरॉइडचा हात असू शकतो, आणि तू मात्र सगळा बोल स्वतःच्या स्वभावाला लावत बसली आहेस! रक्तातली औषधाची पातळी बघून डॉक्टर डोस कमी करू शकतात, कधी औषधही बदलतात. पण त्यांच्यासमोर १.२ हा आकडा असतो. आरशात काय दिसतं, ते तू सांगितल्याशिवाय त्यांना कळणार कसं?

रिपोर्टच्या भीतीचं म्हणशील तर एक विचारून घे: ‘आकडा किती वाढला तर काळजी करायची?’ पाणी कमी प्यायलं तरी क्रिएटिनिन थोडं वर जातं. एका आकड्यावर रात्र जागवू नकोस, मागचे चार-पाच रिपोर्ट शेजारी ठेवून बघ.

कृतघ्न तू नाहीस. किडनी बदलली म्हणजे आजार संपला, असं घरच्यांना वाटतं. तुला मात्र रोज गजर लावून गोळ्या घ्याव्या लागतात. त्याचा कंटाळा येणारच, आणि तो ताईसमोर बोलून दाखवायची चोरी, म्हणून तो खेकसण्यातून बाहेर पडतो. पण तुझ्या पत्रात ताईची तब्येत कशी आहे, हे कुठेच नाही. किडनी दिलेल्या माणसालाही दरवर्षी रक्तदाब, क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन तपासून घ्यावं लागतं. सगळं घर तुझ्या रिपोर्टकडे डोळे लावून बसलं असताना तिचा रिपोर्ट कोणी विचारला का? आज तिचा फोन यायच्या आधी तूच कर. ‘गोळ्यांचं मी बघते ताई, तुझी तपासणी झाली का?’ एवढं विचार आणि मग तिला बोलू दे.

पत्राच्या शेवटी बाळाबद्दल एक ओळ लिहून तू खोडली आहेस. शाईखालून ती मला वाचता आली. १९५६ साली इडिथ हेल्म या अमेरिकन तरुणीला तिच्या जुळ्या बहिणीने किडनी दिली. १९५८ मध्ये इडिथ आई झाली आणि पुढे २०११ पर्यंत जगली. एकसारख्या जुळ्या असल्याने तिला तुझ्यासारखी औषधं लागली नाहीत, हे खरं. पण त्यानंतर ही औषधं घेणाऱ्या कितीतरी जणी आई झाल्या आहेत. साधारण एक वर्ष थांबावं लागतं, किडनी स्थिर असावी लागते. तुझ्या गोळ्यांत मायकोफेनोलेट ही आणखी एक तशीच गोळी असेल, तर ती बाळाला घातक असते, म्हणून डॉक्टर ती किमान सहा आठवडे आधी बदलून दुसरी देतात. तोवर गर्भनिरोधक हवंच, आणि ही गोळीही मनाने सोडायची नाही. पुढच्या भेटीत ती खोडलेली ओळ डॉक्टरांना जशीच्या तशी विचार. नवऱ्यालाही सोबत घेऊन जा.

— मावशी