फोकस केला, लावला की लागला?

नाशिकरोडच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. नांदूरमध्यमेश्वरला पक्ष्यांचे फोटो काढायला निघालेल्या नवख्यांसाठी ते कॅमेऱ्याच्या सेटिंगचं दोन पानी मराठी टिपण करताहेत. ‘ऑटोफोकस’ला ‘स्वयंकेंद्रण’ लिहावं का? आणि सोबतच्यांपैकी कुणी ‘फोकस केला’ म्हणतं, कुणी ‘फोकस लागला’. यातलं शुद्ध कोणतं?

पहिलं आधी उरकतो. ‘स्वयंकेंद्रण’ नको. कॅमेऱ्यावर ‘एएफ’ छापलेलं असतं, दुकानदार ‘ऑटोफोकस’ म्हणतो, आणि टिपण वाचणारा बिचारा बटण शोधत असतो. त्यात तिसरा शब्द कशाला? बरं, केंद्र आपलं आणि फोकस परका म्हणावं, तर ‘केंद्र’ हाही मूळचा ग्रीक ‘केंट्रॉन’. ज्योतिषाबरोबर संस्कृतात आला आणि घरचाच झाला. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात भिंगाच्या फोकसला ‘नाभी’ म्हणतात, त्यावरून ‘नाभीय अंतर’. शब्द देखणा आहे, पण कॅमेरा डोळ्याला लावून ‘नाभी चुकली रे’ असं एकदा म्हणून बघा.

फोकस म्हणजे लॅटिनमध्ये चूल. केप्लरने १६०४ साली प्रकाशावरच्या आपल्या ग्रंथात हा शब्द भूमितीत आणला. जर्मन लोक त्याच बिंदूला सरळ ‘जळण्याचा बिंदू’ म्हणतात. उन्हात भिंग धरून कागद पेटवलेल्या कुणालाही चुलीचा संबंध सांगावा लागणार नाही.

आता दुसरा प्रश्न, आणि खरी गंमत इथेच आहे. दोन्ही शुद्ध आहेत, पण अर्थ एक नाही. ‘करणे’ला कर्ता माणूस. मी फोकस केला, म्हणजे कुठे करायचा ते मी ठरवलं. ‘लागणे’ मात्र आपल्या हातात पूर्ण नसतं. झोप लागते, ठेच लागते, नेम लागतो, लॉटरीही लागते (म्हणे). मराठीने ऑटोफोकसला याच पंगतीत बसवलं आणि ते अगदी रास्त आहे. १९७७ साली कोनिकाचा सी-३५ एएफ कॅमेरा आला, १९८५ साली मिनोल्टाचा ७०००, आणि भिंगाची कडी फिरवायचं काम माणसाकडून यंत्राकडे गेलं. काम दुसऱ्याकडे गेलं की आपण ‘झालं का?’ विचारतो, तसं ‘लागला का?’ विचारू लागलो, असा माझा कयास.

प्रत्ययही बघा. फोकस करायचा तो पक्ष्या‘वर’, लागतो तो पक्ष्या‘ला’. जांभळी पाणकोंबडी लव्हाळ्यातून चालत असते, तुम्ही चौकट तिच्यावर नेता, आणि घरी येऊन पाहता तर पुढची काडी लख्ख आणि मागे निळसर डाग. ‘मी पाणकोंबडीवर फोकस केला, पण तो काडीला लागला.’ एका वाक्यात हेतू ‘वर’मध्ये आणि निकाल ‘ला’मध्ये. या चुकीवरचा उपायही टिपणात घाला: लव्हाळ्यात फोकसची जागा सगळ्या चौकटीतून निवडायची मोकळीक कॅमेऱ्याला देऊ नका. मोकळीक दिली की तो बहुधा जवळचं काहीतरी पकडतो. एकच छोटा बिंदू निवडा आणि तो पक्ष्याच्या डोळ्यावर ठेवा. नव्या कॅमेऱ्यांत डोळा ओळखण्याची सोय असते. तिचं मराठी करताना तेवढं ‘डोळा लागला’ लिहू नका, वाचणारा झोपेल.

‘लावणे’चं प्रकरण वेगळं. आपल्याकडे मांडववाल्याच्या भाषेत फोकस म्हणजे मोठा हॅलोजनचा दिवा. गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर भाच्याच्या हळदीचे फोटो मी काढत होतो. अंधार पडलेला, माझी लेन्स नुसती मागेपुढे घरघरत होती. मी वैतागून म्हणालो, ‘‘फोकसच लागत नाहीये!’’

खांबाजवळचा पोरगा ओरडला, ‘‘लावतो ना काका, थांबा!’’ आणि त्याने हॅलोजन पेटवला.

उजेड पडताच कॅमेऱ्याने टीक केलं. फोकस लागला, दोन्ही अर्थांनी. कॅमेऱ्याला उजेड-अंधाराची रेघ, एखादी कडा दिसावी लागते. काळोखात किंवा कोऱ्या भिंतीवर त्याला धरायला काही सापडत नाही, म्हणून ती घरघर. नवऱ्या मुलाच्या डोळ्यांवर मात्र तो उजेड असा आला की पुढचे सगळे फोटो मिचमिचे.

सेटिंगची नावंही याच क्रियापदांनी समजावता येतील. निकॉन-सोनीचं ‘एएफ-एस’, कॅननचं ‘वन शॉट’: बटण अर्धं दाबलं की फोकस एकदा लागतो आणि बोट उचलेपर्यंत कॅमेरा तो तिथेच धरून ठेवतो. फोकस न लागता कॅमेरा सहसा फोटोच काढू देत नाही. ‘एएफ-सी’ किंवा कॅननचं ‘सर्व्हो’: फोकस लागतो, सुटतो, पुन्हा लागतो, पक्ष्याच्या मागे मागे जातो. इथे कॅमेरा बऱ्याचदा लागला-न लागला न पाहता फोटो काढून मोकळा होतो. बसलेल्या खंड्याला पहिलं, उडणाऱ्या रोहिताला (फ्लेमिंगोला) दुसरं.

‘लॉक’ला ‘कुलूप’ करू नका. ‘धरला’ पुरे.

तुमच्या पानासाठी एक नमुना देतो, हवा तसा फिरवा: ‘चापडगावच्या पक्षीनिरीक्षण मनोऱ्यावर चढण्याआधीच एएफ-सी करून ठेवा. पक्षी उडाला की बटण अर्धं दाबून त्याच्यासोबत वळा. फोकस लागला की दाबा. सुटला तर बोट उचलून पुन्हा धरा.’